आजीचं पहिलं नाव

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘पंधरा मिनिटं बोल, तू कॉम्प्युटरवाली आहेस तर एआयवर बोल.’ त्यांची माफी मागून मी दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे. विषय त्यांनीच दिला, पण त्यांना ते माहीत नाही.

या मेळाव्यासाठी आपण यादी केली. दोन तुकड्या मिळून आपण ८६ जण. ५१ मुलं आणि ३५ मुली. ५१ मुलं किती दिवसांत सापडली? तीन आठवड्यांत. फेसबुकवर नाव टाकलं की गडी हजर. पोट सुटलेलं, केस गेलेले, पण नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच. आणि ३५ मुली शोधायला आठ महिने लागले. कुणाचा भाऊ भेटला, कुणाच्या काकूंचं किराणा दुकान अजून राजकमल चौकाजवळ होतं म्हणून पत्ता लागला. सहा जणी अजून सापडलेल्या नाहीत. त्या या अमरावती शहरातच असतील, अकोल्याला असतील, पुण्याला माझ्या शेजारच्या इमारतीत असतील. पण कुठल्या नावानं असतील, हे आपल्याला ठाऊक नाही.

मी डेटाबेसमध्ये काम करते. आमच्या भाषेत सांगायचं तर मुलीचं लग्न झालं की जुनी नोंद पुसली जाते आणि नवी नोंद घातली जाते, आणि दोन्हींना जोडणारा धागा कुठेच ठेवला जात नाही. असं कुणी ऑफिसात केलं तर मी त्याला समोर बसवून दोन शब्द सुनावीन. आपण सगळे मिळून हे पिढ्यान्‌पिढ्या करतो आहोत.

हे माझ्या डोक्यात यायला एक निमित्त झालं. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र काढायचं होतं. इथे बसलेल्या बहुतेक आईबापांनी तो खेळ खेळलेला आहे. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. त्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, हक्क नोंदणी, आणि या सगळ्याला बांधणारी वंशावळ. आमच्या थोरल्या काकांनी ती प्रतिज्ञापत्रावर करून दिली. सहा पिढ्या, ३७ नावं, सुंदर अक्षर. मी ती स्कॅन करताना वाचली तेव्हा लक्षात आलं की ३७ पैकी एकही बाई नाही. ३७ पुरुष एकमेकांपासून जन्माला आले होते.

काकांना म्हटलं तर ते म्हणाले, “वंशावळीत बाया नसतात व बाई. त्यायचं काय काम तिथं?” कामापुरतं त्यांचं बरोबर होतं. जात बापाकडून सिद्ध करायची असते, समितीला आजी नको असते. पण मग मला साधा प्रश्न पडला की माझ्या बाबांच्या आईचं माहेरचं नाव काय होतं? बाबांना माहीत नव्हतं. काकांना माहीत नव्हतं. ज्या बाईच्या मांडीवर मी मोठी झाले, जिनं मला ज्वारीची भाकर थापायला शिकवली, तिचं पहिलं नाव घरात एकालाही ठाऊक नव्हतं. आणि ती जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

त्याच सुमारास आमच्या टीममध्ये मॉन्ट्रियलची एक सहकारी होती. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातली, फ्रेंच बोलणारी. एकदा मीटिंग सुरू व्हायची वाट बघताना मी हे गाऱ्हाणं तिला सांगितलं. तिनं स्क्रीनवर स्वतःची वंशावळ उघडून दाखवली. दहा-अकरा पिढ्या, थेट सतराव्या शतकात फ्रान्सहून जहाजानं आलेल्या माणसापर्यंत. आणि प्रत्येक पुरुषाशेजारी त्याची बायको, तिच्या स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या बापाच्या आडनावानं. मी बघतच राहिले.

तिथली गोष्ट अशी. ती फ्रान्सची वसाहत होती, १७६३ला इंग्रजांकडे जाईपर्यंत. दर गावच्या चर्चमधला पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवी. पुढे दोन-दोन प्रती व्हायच्या, एक चर्चची आणि एक कोर्टाची. या नोंदीत बाई मरेपर्यंत माहेरच्याच आडनावानं राही. लग्नात तेच, तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्यात तेच, आणि तिला पुरलं तेव्हाही ‘अमकी, तमक्याची बायको’ असं लिहिताना आधी तिचं आडनाव. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी १९६६ साली हे सगळं गोळा करायला घेतलं, आणि अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंतची जवळजवळ सगळी वस्ती एकमेकांना जोडून टाकली. व्यवसाय म्हणून सांगते, असा डेटा बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

पण फार भारावून जायचं कारण नाही. पाद्र्याला बाईच्या हक्काचं काही पडलेलं नव्हतं. जवळच्या नात्यात लग्न लागू नये म्हणून त्याला कोण कुणाची मुलगी हे माहीत असायला हवं होतं. शिवाय तिथल्या मूळच्या आदिवासींची आणि गुलामांची नोंद अनेकदा नुसत्या पाळण्यातल्या नावावर उरकलेली आहे. वसाहत ती वसाहतच. आणि मुलींची नावं ठेवण्यातही त्यांनी फार डोकं चालवलं नव्हतं. जी ती ‘मारी’. मारी अमुक, मारी तमुक. एकाच घरात तीन मारी. मुलगे सगळे ‘जोसेफ’. हाक मारायची ती पुढच्या नावानं.

त्यांच्याकडे आणखी एक गंमत आहे, ती ऐकून तुम्हाला घरची आठवण येईल. त्यांच्या जुन्या आडनावांत मधे ‘दी’ असा शब्द येतो. अर्थ, ‘ज्याला म्हणतात तो’. म्हणजे आपलं ‘उर्फ’. १६६५ साली फ्रान्सच्या राजानं तिकडे एक पलटण पाठवली, कारिन्यां-सालिएर नावाची. या शिपायांना पलटणीत टोपणनावं असत. लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे निवांत गडी, जोलिकर म्हणजे दिलदार. त्यातले चारेकशे शिपाई तिथेच राहिले, जमिनी घेतल्या, लग्नं केली, आणि टोपणनाव मुलाबाळांना चिकटलं. एक भाऊ मूळ आडनाव लावी, दुसरा टोपणनाव लावी. तिसऱ्या पिढीत चुलत भाऊ एकमेकांना परके. ‘जोलिकर’ ऐकल्यावर मला आधी वाटलं, हे कुणीतरी अकोटकर, जळगावकरांपैकीच असणार.

तिला मी म्हटलं, हे आमच्याकडे घरोघरी आहे. आपल्या वऱ्हाडातली मोठी माणसंच बघा. शेंडगावला १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर. हे नाव घेऊन अमरावतीच्या रस्त्यावर विचारा, किती जण ओळखतील? हातात गाडगं घेऊन फिरत म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले, आणि आज आपलं विद्यापीठ त्या गाडग्याच्या नावानं आहे. मी पदवी घेतली तेव्हा नुसतं अमरावती विद्यापीठ होतं, हे जाता जाता. यावलीचे माणिक बंडोजी इंगळे, त्यांना त्यांच्या गुरूंनी, वरखेडच्या आडकोजी महाराजांनी, ‘तुकड्या’ म्हटलं आणि ते तुकडोजी महाराज झाले. पापळचे पंजाबराव, ज्यांच्या नावानं अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे, त्यांचं मूळ आडनाव कदम. देशमुखी हे वतन होतं, कामाचं नाव होतं. ते आडनाव होऊन बसलं आणि खालचं आडनाव झाकलं गेलं. इथे बसलेल्या देशमुख, पाटील, चौधरी मंडळींनी घरी जाऊन विचारा, मूळ आडनाव निघेल. बहुधा शेजारच्या गल्लीतल्या कुणाचं तरी तेच निघेल.

पुरुषांच्या नावांचंही तसंच. माझे पणजोबा एका कागदावर नुसते नावानं आहेत, पुढच्यावर त्यांना ‘जी’ लागलं, आणि चार एकर वाढल्यावर ‘राव’ लागलं. तिन्ही माणसं एकच आहेत हे समितीला पटवताना नाकी नऊ आले. पण पटलं, कारण धागा होता. जमीन तीच, गाव तेच, बाप तोच.

आता आजी कशी शोधायची?

जुने कागद वाचायला मला आपल्या इतिहासाच्या सरांनी मदत केली. सर समोर बसलेत. सरांना मोडी येते हे आपल्याला शाळेत असताना माहीतच नव्हतं, आपण त्यांच्या तासाला काय करायचो ते इथे सांगत नाही. सरांनी पहिल्याच दिवशी मला तीन शब्द शिकवले. वल्द, जौजे, बेवा. आपला वऱ्हाड १८५३च्या तहानं निजामाकडून कंपनी सरकारकडे आला, पण कागदावरचे शब्द जुनेच राहिले. ‘अमका वल्द तमका’ म्हणजे त्याचा मुलगा. ‘अमकी जौजे तमका’ म्हणजे त्याची बायको. ‘अमकी बेवा तमका’ म्हणजे त्याची विधवा. सर म्हणाले, “बघ, पुरुषाला आयुष्यभर एक शब्द पुरतो. बाईचा शब्द नवऱ्याच्या तब्येतीवर बदलतो.”

आजी मला सातबाऱ्यावर सापडली. आजोबा गेल्यावरच्या फेरफारात, वारस म्हणून, मुलांच्या नावांच्या खाली. अमकी बेवा तमका. सरकारच्या दफ्तरात माझी आजी पहिल्यांदा उगवते ती विधवा म्हणून. त्याआधीची तिची पंचेचाळीस-पन्नास वर्षं त्या दफ्तराला ठाऊकच नाहीत. आणि जे नाव उगवतं तेही सासरचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं लिहिलेलं. माझ्याही लग्नात ते ताट पुढे आलं होतं. मी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यानं तांदळात माझंच नाव लिहिलं. सासूबाई थोड्या हिरमुसल्या, त्यांनी सुंदर नाव निवडून ठेवलं होतं.

आपल्या पद्धतीत बाईचं सगळंच एका दिवसात बदलतं, हे लक्षात घ्या. स्वतःचं नाव, मधलं नाव, आडनाव. तिन्ही रकाने. एक तरी राहिला असता तरी धागा राहिला असता.

आजीचं माहेर अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. दिली दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. ती जन्मभर म्हणायची, “गोड्या पान्यातून खाऱ्या पान्यात फेकलं मले माह्या बापानं.” त्यामुळे गावाचं नाव आणि तिच्या बापाचं नाव तेवढं माहीत होतं. गांधीजी गेले त्या साली तिचा थोरला, म्हणजे आमचे काका, पोटात होते. म्हणून जन्म १९३०च्या मागेपुढे धरला, आणि त्या गावच्या कोतवाल बुकातली १९२८ ते १९३४ची पानं मिळवली. तुमच्यापैकी ज्यांनी ते बुक बघितलं नसेल त्यांना सांगते. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर द्यायचा, त्यावरून तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मेला असेल तर कशानं, असं एका ओळीत लिहिलं जायचं.

सरांनी आणि मी तीन रविवार ती पानं वाचली. आजीच्या बापाच्या नावावर चार जन्म निघाले. दोन मुलगे, दोन मुली. चौघांच्याही नोंदीत नाव नाही. मला आधी राग आला, मग सरांनी समजावलं. खबर मूल जन्मल्यावर लगेच जायची, बारसं नंतर व्हायचं, नाव लिहिणार कुठून? मुलग्यांचंही नव्हतंच. फरक पुढे पडतो. मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नावानिशी येतो. मग फेरफारात येतो, सातबाऱ्यावर येतो, मतदार यादीत बापाच्या नावासकट येतो. मुलगी शाळेत गेली नाही, जमिनीत आली नाही. तिचं नाव लिहायची सरकारला पुन्हा वेळच आली नाही.

दोन मुलींपैकी आजी कोणती? मृत्यूच्या पानांवर सर थांबले. १९३१चा पावसाळा. त्याच बापाची मुलगी, वय दोन वर्षं, ताप. म्हणजे थोरली गेली होती. उरली ती आजी. माझ्या आजीची जन्मतारीख मला तिच्या बहिणीच्या मृत्यूच्या ओळीवरून कळली. वजाबाकी करून. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, आज इथंच थांबू.

तारीख मिळाली, नाव नाही. कागद संपले होते. मग बाबांना घेऊन मी त्या गावाला गेले. आजीच्या भावांच्या घरी तिसरी पिढी नांदते आहे, त्यांना ‘दर्यापूरची आत्या’ एवढंच माहीत. तिसऱ्या घरी एक म्हातारी निघाली, आजीच्या चुलत भावाची बायको, नव्वदीच्या घरात, ऐकू कमी येणारी. बाबांनी ओरडून विचारलं. ती बराच वेळ बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तिचं पोरगं होय तू? कायले पायजे तुले तिचं नाव? सासरी गेली अन्‌ ते नाव कोनी घेतलंच नाही.” आणि मग नाव सांगितलं. दोनदा. दुसऱ्यांदा हाक मारावी तसं.

ते नाव एका नदीचं आहे. एवढंच मी आज सांगू शकते, कारण आईनं मला अट घातली आहे की सासूबाईंचं नाव चारचौघांत माईकवरून घ्यायचं नाही. नावांवर भाषण करायला उभी राहिले आणि मुख्य नावच घेता येत नाही, काय सांगू! पण गाडीत बसल्यावर माझे पंच्याहत्तर वर्षांचे बाबा ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होते, हे मी आरशात बघितलं. दर्यापूर येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

त्यानंतर मी घरापुरती दुसरी वंशावळ करायला घेतली. त्यात लग्न होऊन आलेल्या बायका माहेरच्या नावानं आहेत, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीही आहेत, त्यांच्या पुढच्या घरांसकट. १९ सासुरवाशिणींपैकी ११ जणींची पहिली नावं मिळाली. ८ चौकोन रिकामे आहेत. ते मी तसेच ठेवलेत. काकांनी ती बघितली, आणि काही न बोलता एका रिकाम्या चौकोनात पेन्सिलनं नाव लिहिलं. त्यांच्या आजीचं. एवढे दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं!

आपल्या राज्य सरकारनं मार्च २०२४मध्ये निर्णय घेतला, १ मे २०२४ला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. क्यूबेकमध्ये तर १९८१पासून लग्नानंतरही बाईचं कायद्यातलं नाव जन्माचंच राहतं. आपल्याकडे नाव बदललंच पाहिजे असा कायदा कधीच नव्हता, तरी बदलत राहिलो. बदलू नका असं मी म्हणत नाही. माझ्या कितीतरी मैत्रिणींनी हौसेनं बदललं आहे, आणि नव्या नावानं मोठी कामं केली आहेत. धागा मात्र ठेवा. या स्मरणिकेत सगळ्या मुलींची दोन्ही नावं छापायची असा हट्ट मी धरला, तेव्हा छपाईवाला म्हणाला, मॅडम, ओळी वाढतील. वाढू द्या म्हटलं.

आता त्या सहा जणी. त्यांची शाळेतली नावं मोठ्या अक्षरांत लिहून चहाच्या टेबलाशेजारी लावली आहेत. एकीचे वडील एस.टी.त होते, बदली होऊन मूर्तिजापूरला गेले. एकीला तेल्हाऱ्याकडे दिली असं बाईंना पुसटसं आठवतं. एक नववीतच लग्न होऊन गेली, तिच्या डब्यातली कैरीची चटणी आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. ‘आडनाव आठवत नाही’ असं सांगू नका. आडनाव आपल्याकडे आहे, तेच आता कामाचं राहिलेलं नाही. शेजारी एक रकाना रिकामा सोडलाय, ‘आत्ताचं नाव’ असा. पेन सुतळीनं बांधून ठेवला आहे. बाईंना कारण विचारा, आपल्या वर्गात पेन टिकत नसत.

(मेळावा संपेपर्यंत दोघींचे फोन नंबर मिळाले. एकीशी तिथूनच बोलणं झालं. चौघी राहिल्या आहेत.)